ताट, तराजू आणि प्रार्थना : वजन घटविण्याविषयीच्या ख्रिस्ती भक्तिसाहित्याची मराठी परंपरेच्या प्रकाशात समीक्षा

१. प्रस्तावना

नाशिक शहराच्या पश्चिमेस त्र्यंबक रस्त्यावर वसलेले सातपूर हे मूळचे शेतीवर जगणारे गाव होय. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढे महामंडळाची औद्योगिक वसाहत येथे उभी राहिली आणि गावाचा दिनक्रम ऋतूंऐवजी कारखान्याच्या पाळ्यांवर बेतला जाऊ लागला. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा सातपूर शहराचा भाग बनले. रात्रपाळीचे अवेळी जेवण, उपाहारगृहातील तळलेले पदार्थ, दुचाकीमुळे थांबलेली पायपीट आणि यंत्रांनी कमी केलेले अंगमेहनतीचे काम या सर्वांचा परिणाम अशा औद्योगिक वस्त्यांतील कुटुंबांच्या शरीरावर दिसू लागला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १५ ते ४९ या वयोगटातील दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २४ अतिवजनाच्या वा स्थूल आहेत, तर सुमारे १९ प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आहेत. अतिपोषण आणि कुपोषण एकाच समाजात, प्रसंगी एकाच घरात, शेजारी नांदत आहेत.

सातपूर आणि जुने नाशिक यांच्या दरम्यान शरणपूर आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसविलेली ही ख्रिस्ती वस्ती. अनाथ मुले, नवख्रिस्ती कुटुंबे आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले यांना येथे आश्रय, शिक्षण व हस्तव्यवसाय मिळाला. 'शरण' या शब्दातच अन्न आणि निवारा यांची हमी होती. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या स्मृतीत प्रार्थना आणि अन्न यांचे नाते भुकेच्या बाजूने जोडलेले आहे. आज त्याच समाजातील, आणि अर्थातच इतर समाजांतीलही, सुशिक्षित व्यक्तीपुढे उलट प्रश्न उभा आहे. खाणे आवरण्यासाठी प्रार्थनेचा आधार घेता येईल काय?

या प्रश्नाला उत्तर देणारे एक स्वतंत्र भक्तिसाहित्य अमेरिकेत १९५७ पासून निर्माण झाले आहे. प्रस्तुत लेखात या साहित्याच्या भूमिकेची तपासणी करून ती पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातून आणि लेखनातून दिसणाऱ्या मराठी ख्रिस्ती भूमिकेशी ताडून पाहिली आहे. श्रद्धा माणसाला खाण्यापिण्यात संयमाचे बळ देऊ शकते, हे येथे मान्यच आहे. प्रश्न आहे तो तराजूचा काटा श्रद्धेचे मोजमाप ठरू शकतो काय, हा.

२. अमेरिकेतील 'प्रार्थना-पथ्य' साहित्याची वाटचाल

चार्ली शेड हे प्रेसबिटेरियन धर्मगुरू. त्यांचे 'प्रे युअर वेट अवे' हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःचे सुमारे शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो, वजन उतरविल्याच्या अनुभवावर ते आधारलेले होते. ईश्वराने माणसाला स्थूल होण्यासाठी निर्माण केले नाही, म्हणून अतिरिक्त चरबी ही पापाची दृश्य खूण होय, असा या पुस्तकाचा रोख. १९६० मध्ये डेबोरा पिअर्स यांचे 'आय प्रेड मायसेल्फ स्लिम' हे आत्मकथन आले. त्यात प्रार्थनेच्या साहाय्याने ८२ पौंड वजन घटविल्याची हकीकत आहे. १९८१ मध्ये ह्यूस्टन येथील एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये 'फर्स्ट प्लेस' हा कार्यक्रम सुरू झाला आणि एकट्या वाचकाच्या जागी गट आला. बायबलपठण, प्रार्थना, आहाराची नोंद आणि परस्परांची विचारपूस असे त्याचे स्वरूप होते.

या परंपरेतील सर्वाधिक प्रभावी नाव ग्वेन शॅम्ब्लिन यांचे. आहारतज्ज्ञ असलेल्या शॅम्ब्लिन यांनी १९८६ मध्ये 'वेह डाउन' कार्यशाळा सुरू केली आणि १९९७ मध्ये त्यांचे 'द वेह डाउन डाएट' हे पुस्तक दहा लाखांहून अधिक प्रतींनी खपले. त्यांच्या पद्धतीत कोणताही पदार्थ निषिद्ध नव्हता. पोटाला खरी भूक लागल्यावरच खावे, पोट भरताच थांबावे आणि मनाची भूक ईश्वराकडे वळवावी, एवढेच सूत्र होते. या सूत्रातील व्यावहारिक शहाणपण नाकारता येत नाही. तथापि त्यापुढचे पाऊल गंभीर होते. अतिखाणे ही मूर्तिपूजा, सडपातळ देह ही आज्ञापालनाची खूण आणि पुन्हा वाढलेले वजन हे अवज्ञेचे लक्षण, अशी साखळी त्यातून तयार झाली. १९९९ मध्ये शॅम्ब्लिन यांनी स्वतःची 'रेम्नंट फेलोशिप' ही मंडळी स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीच्या त्यांच्या मतांवरून वाद होऊन प्रकाशकाने त्यांचे आगामी पुस्तक रद्द केले. २०२१ मध्ये टेनेसी राज्यात विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

रिक वॉरन यांच्या कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चने २०११ मध्ये 'डॅनियल प्लॅन' सुरू केला. त्याचे पुस्तक २०१३ मध्ये दोन डॉक्टरांच्या सहलेखनाने निघाले. श्रद्धा, आहार, व्यायाम, एकाग्रता आणि मैत्री अशी त्याची पाच अंगे. पहिल्या वर्षी सुमारे १५,००० लोकांनी मिळून अडीच लाख पौंड वजन घटविल्याचे चर्चतर्फे सांगण्यात आले. हा दावा जसाच्या तसा स्वीकारला तरी सरासरी माणशी साडेसात किलोंच्या आसपास येते. शेड यांच्या तुलनेत वॉरन यांची भाषा सौम्य आहे. पापाऐवजी आरोग्य आणि कारभारीपण या कल्पनांवर तिचा भर आहे. तरीही यश किलो-पौंडांत सांगण्याची सवय कायम राहिली.

आर. मेरी ग्रिफिथ यांनी 'बॉर्न अगेन बॉडीज' (२००४) या ग्रंथात या साहित्याचा इतिहास मांडला आहे. धर्मश्रद्धेच्या भाषेने अमेरिकी समाजाचा सडपातळ देहाचा आदर्श कसा पवित्र ठरविला, हे त्यातून स्पष्ट होते. या साहित्याने अनेक स्त्रियांना आपल्या शरीराविषयी बोलण्याची भाषा दिली व एकटेपणातून बाहेर काढले, हे त्याचे श्रेय होय. ज्या वाचकासाठी ते लिहिले गेले, त्याच्या घरात अन्नाचा तुटवडा कधीच नव्हता, ही त्याची मर्यादा होय.

३. बायबलमधील आधारांचे फेरवाचन

या पुस्तकांतून काही वचने पुन्हा पुन्हा आधाराला येतात. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील विचार त्यांत अग्रस्थानी आहे. संदर्भ पाहता पौल तेथे लैंगिक अनाचाराविषयी बोलत आहे, देहाच्या आकारमानाविषयी नव्हे. मंदिराचे पावित्र्य त्याच्या रुंदीवर अवलंबून नसते, हे वेगळे सांगावयास नको.

दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय तर अधिक बोलका आहे. बाबेलच्या राजाने बंदी म्हणून आणलेले चार तरुण राजाच्या ताटातील अन्न नाकारतात आणि दहा दिवस केवळ शाकभाजी व पाणी घेतात. 'डॅनियल प्लॅन'चे नाव येथूनच आले. मात्र दहा दिवसांनंतर हे तरुण इतरांपेक्षा अधिक सतेज आणि अंगाने अधिक भरलेले दिसले, असे मूळ कथा सांगते. ही कथा पराभूतांच्या स्वाभिमानाची आहे. जेत्यांच्या पंक्तीला बसून आपली ओळख विसरायची नाही, हा तिचा आशय आहे. वजन घटविण्याचा आधार म्हणून ती वाचताना तिचा शेवट नजरेआड करावा लागतो.

खादाडपणा हे ख्रिस्ती परंपरेत सात प्रमुख पापांपैकी एक मानले गेले, हे खरे आहे. परंतु सहाव्या शतकातील पोप ग्रेगरी यांनी त्याचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत अवेळी खाणे, महागड्या पदार्थांची हाव, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि पदार्थांबाबत फाजील चोखंदळपणा यांचा समावेश होतो. यांपैकी एकही प्रकार देहाच्या जाडीवरून ओळखता येत नाही. सी. एस. लुईस यांनी 'द स्क्रूटेप लेटर्स' (१९४२) मध्ये एक वृद्धा रंगविली आहे. तिला फार थोडे हवे असते, पण ते अगदी तिच्या मनासारखे हवे असते, आणि त्यापायी ती घरादाराला वेठीस धरते. लुईस यांच्या मते हादेखील पोटाचाच दास्यभाव होय. कॅलरी मोजण्यात दिवसभराचे चित्त गुंतलेली व्यक्ती या कसोटीवर पोटाच्या बंधनातून सुटलेली ठरत नाही.

उपवासाविषयी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील शिकवण स्पष्ट आहे. उपवास लोकांना दिसू नये, तोंड धुऊन प्रसन्न राहावे, असे येशू सांगतो. प्रार्थना-पथ्य साहित्यात मात्र वजन घटल्याची 'साक्ष' हा केंद्रबिंदू असतो. 'पूर्वी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे हा त्या साक्षीचा पुरावा असतो. येथे एक क्रूर गोष्ट घडते. ज्याचे वजन उतरले तो उभा राहून बोलतो, आणि ज्याचे वजन पुन्हा वाढले त्याच्यासाठी त्या सभेत शब्दच उरत नाहीत. घटलेले वजन टिकविणे बहुतेकांना अवघड जाते, हा वैद्यकाचा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणजेच ही साक्षपद्धती बहुसंख्यांना कालांतराने मौनात ढकलते.

यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचा उल्लेख या पुस्तकांत क्वचितच मध्यवर्ती ठरतो. देवाला मान्य होणारा उपवास म्हणजे जुलमाची बंधने सोडणे आणि आपली भाकर भुकेल्याशी वाटून घेणे, असा त्याचा भावार्थ. तेथे उपवासाचा हिशेब उपवास करणाऱ्याच्या शरीरात मांडला जात नाही. तो शेजाऱ्याच्या ताटात मांडला जातो.

४. मराठी ख्रिस्ती परंपरेतील ताट

प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या अन्नाची मागणी मराठी बायबलमध्ये 'भाकर' या शब्दाने येते. हा शब्द मराठी माणसाला थेट ज्वारी-बाजरीच्या ताटाशी आणि दुष्काळाच्या आठवणीशी जोडतो. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण ज्या भूमीत रुजली, त्या भूमीत पोट हे भक्तीचा शत्रू मानले गेले नाही. दुसरीकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून उपवासाच्या दांभिकतेची थट्टाही याच भाषेने केली. अन्नाविषयीचा हा समतोल मराठी ख्रिस्ती लेखकांना वारशाने मिळाला होता.

पंडिता रमाबाईंचे जीवन या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील व बहीण गमावली. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७) मध्ये उच्चवर्णीय विधवेच्या स्थितीचे वर्णन करताना तिच्यावर लादलेले एकभुक्त राहणे आणि सक्तीचे उपवास यांचा त्यांनी उल्लेख केला आहे. स्त्रीच्या ताटावर धर्माची पहारेदारी कशी असते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. तेथील प्रार्थनांचे जगभर कौतुक झाले. पण त्या प्रार्थनांपुढे हाडांचे सापळे झालेले देह होते. तेथे अंगावर मांस चढणे ही कृपेची खूण होती.

याहून अधिक सूचक प्रसंग इंग्लंडमधील आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे झाला. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या व अंडी घातलेला गोड पदार्थदेखील त्यांनी नाकारला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंनी मात्र आपल्या आहाराचा निर्णय आपल्या विवेकाकडेच ठेवला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या पत्रव्यवहारातून (१९७७) हा वाद वाचावयास मिळतो. श्रद्धेचा खरेपणा ताटावरून पारखण्याचा तो प्रयत्न होता आणि एका मराठी स्त्रीने तो ठामपणे परतविला. शेड यांच्या पुस्तकाच्या सुमारे पाऊण शतक आधीची ही घटना आहे.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ गद्यकृतींपैकी एक मानले जाते. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याची जी हकीकत त्यांनी सांगितली आहे, तीत विनोद आहे आणि त्या विनोदाखाली घरातील स्त्रियांची होरपळही आहे. तेथे अन्न शरीराचे पोषण करण्यापूर्वी शुद्धतेच्या परीक्षेतून जात होते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या. परतल्यावरही त्यांनी बराच काळ आपली चूल निराळी ठेवली. टिळकांनी ती निराळी राहू दिली. पुढे जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, असा निर्णय त्यांच्याच मनाने दिला, तेव्हा शिवाशिवीची बंधने गळून पडली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांचे निर्णय बाह्यतः परस्परविरुद्ध आहेत. एकीने जुना आहार राखला, दुसरीने जुने नियम सोडले. दोघींच्या बाबतीत समान आहे ते निर्णयाचे स्वातंत्र्य. दोघींनीही श्रद्धेच्या नावाखाली दुसऱ्याने आपल्या ताटाचा हिशेब मागणे मान्य केले नाही. मराठी ख्रिस्ती स्त्रीलेखनाचा हा वारसा वजनाच्या प्रश्नालाही लागू पडतो. विधवेच्या सक्तीच्या उपवासातून व सोवळ्याच्या जाचातून सुटलेल्या स्त्रीला सडपातळपणाच्या नव्या सोवळ्यात अडकविणे हे त्या वारशाशी विसंगत ठरेल. नवे सोवळे शुद्धतेऐवजी कमरेचा घेर मोजते, एवढाच फरक.

५. शरीरविज्ञानाची साक्ष

स्थूलता हे केवळ नैतिक दुबळेपणाचे फळ आहे, या गृहीतकाला आधुनिक वैद्यक दुजोरा देत नाही. याबाबतीत महाराष्ट्रात झालेले संशोधन विशेष उद्बोधक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३ इतका होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. पुण्याजवळील खेड्यांतील माता व अर्भके यांच्या अभ्यासातून याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही दाखविले की, येथील बाळे जन्मतः कमी वजनाची असूनही त्यांच्यात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणाशी याचा संबंध जोडला जातो.

या निष्कर्षांचा प्रस्तुत विषयाशी दुहेरी संबंध आहे. एक, जो तराजू श्रद्धेचे मोजमाप करू पाहतो, तो भारतीय शरीराच्या आरोग्याचेही पुरते मोजमाप करू शकत नाही. सडपातळ दिसणारा भाविकही मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा सुचविली, ती याच कारणाने. दोन, आजच्या शरीरात मागील पिढ्यांच्या भुकेचा अंश असू शकतो. ज्या घराने अर्धपोटी दिवस काढले, त्या घरातील नातीला वाढत्या साखरेसाठी पापी ठरविणे हा इतिहासाचा विपर्यास होईल.

२०२५ मध्ये भूक कमी करणारी टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन घटविणारी इंजेक्शने भारतात उपलब्ध झाली. आठवड्यातून एकदा घेतलेल्या औषधाने भूक निवळत असेल, तर भुकेचे सारे मूळ इच्छाशक्तीत आहे, हे म्हणणे टिकत नाही. या औषधांचा खर्च आणि दुष्परिणाम हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. तथापि भूक ही बऱ्याच अंशी शरीरातील संप्रेरकांची भाषा आहे, हे त्यांनी सर्वसामान्यांपुढेही आणले.

धार्मिक असणे वजनाच्या दृष्टीने आपोआप हितकारक ठरते, असेही नाही. केनेथ फेरारो यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात धर्मसंलग्नता आणि स्थूलता यांचा सहसंबंध आढळला. सामूहिक उपासनेनंतरचे खाणेपिणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. आपल्याकडील प्रार्थनासभेनंतरचा चहा-नाश्ता, प्रीतिभोजन आणि नाताळच्या करंज्या-चकल्यांचा फराळ यांचा विचार करता हे समजण्यास कठीण नाही. जी संगत माणसाला सावरते, तीच संगत त्याला आग्रहाने वाढतेही.

६. प्रार्थनेचे खरे साहाय्य

मग प्रार्थनेचा उपयोग कोणता? वरील टीकेतून प्रार्थना निरुपयोगी ठरते, असा अर्थ काढणे चुकीचे होईल.

पहिले म्हणजे, जेवणापूर्वीची प्रार्थना हा एक थांबा आहे. पोट भरल्याची जाणीव होण्यास काही वेळ लागतो आणि घाईघाईने जेवणारा गरजेपेक्षा अधिक खातो. रात्रपाळीहून परतलेल्या कामगाराने डब्यासमोर क्षणभर हात जोडून बसणे ही त्या घाईला घातलेली मर्यादा असते. उपकारस्तुतीत अन्नाविषयी भीती नसते, कृतज्ञता असते. ज्या अन्नाबद्दल आभार मानले, ते यांत्रिकपणे गिळणे अवघड जाते.

दुसरे म्हणजे, प्रार्थना दुःख, कंटाळा व एकटेपणा यांना खाण्याखेरीज दुसरी वाट देते. शॅम्ब्लिन यांच्या सूत्रातील ग्राह्य भाग हाच होता. १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या 'ओव्हरईटर्स अनॉनिमस' या गटाने एका उच्चतर शक्तीपुढे आपली असमर्थता मान्य करण्याचा मार्ग स्वीकारला. तेथे अनावर खाण्याला आजार मानले जाते, म्हणून घसरलेल्या व्यक्तीला परत येण्याची लाज वाटू नये, अशी व्यवस्था असते. आपल्याकडे टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे येण्याची गोष्ट सांगितली. त्या वाटेवरील अभंगपरंपरेतही स्वतःच्या दुबळेपणाची उघड कबुली हाच भक्तीचा आरंभ आहे. तिच्यात यशाची जाहिरात नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मंडळी ही आरोग्यशिक्षणाची जागा होऊ शकते. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाने २००२ मध्ये दाखवून दिले की, शरीराचे सुमारे सात टक्के वजन घटविणे आणि आठवड्यात १५० मिनिटे व्यायाम करणे हे ध्येय ठेवल्यास मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होते. हाच कार्यक्रम जॉर्जिया राज्यातील २० कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांमधून 'फिट बॉडी अँड सोल' या नावाने राबविण्यात आला. त्यातून वजनात माफक परंतु खरी घट दिसून आली. शास्त्रीय कार्यक्रमाला मंडळीने आपले छत, आपली भाषा आणि आपली माणसे दिली. श्रद्धेने वैद्यकाची जागा घेतली नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याशिवाय उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. कॅथलिक धर्मनियमानेही उपवासाचे बंधन प्रौढत्वापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच ठेवले आहे. आजाऱ्याला उपवासातून मोकळे ठेवण्याची प्रथा ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. औषध बंद करून केवळ प्रार्थनेवर विसंबण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो श्रद्धेच्या नावावरील निष्काळजीपणा समजला पाहिजे.

७. समारोप

'प्रे युअर वेट अवे'पासून 'डॅनियल प्लॅन'पर्यंतच्या साहित्याने संयमाला संगत आणि संगतीला प्रार्थना जोडली, हे त्याचे योगदान मान्य करावे लागते. परंतु देहाच्या आकारात ईश्वरी प्रसन्नता वाचण्याची त्याची सवय बायबलच्या मूळ संदर्भांशी जुळत नाही, शरीरविज्ञानाला मान्य होत नाही आणि मराठी ख्रिस्ती परंपरेच्या अनुभवाशीही विसंगत आहे. वाँटेजच्या भोजनगृहातील रमाबाईंचा नकार आणि टिळकांच्या घरातील लक्ष्मीबाईंची निराळी चूल या दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात. ताटावरून श्रद्धेची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सातपूरसारख्या कामगार वस्तीत या प्रश्नाला व्यवहाराची धार आहे. तेथील एखाद्या मंडळीने, महिला मंडळाने वा भजनी मंडळाने वजन आणि मधुमेह यांविषयी गट सुरू करावयाचे ठरविल्यास त्याची सुरुवात वजनकाट्यापासून करण्याची गरज नाही. पाळीनुसार जेवणाची वेळ कशी राखावी, प्रार्थनासभेनंतर काय वाढावे, एकत्र चालावयास कधी निघावे आणि रक्ततपासणी कोठे करावी, हे त्या गटाचे पहिले विषय असावेत. ज्याचे वजन उतरले नाही त्यालाही तेथे बोलण्याची जागा असावी. गृहविज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि मराठी या विभागांना मिळून अशा गटांचा अभ्यास करता येईल. असा अभ्यास हाती घेतल्यास घटलेल्या किलोंबरोबरच वर्षअखेरीस किती माणसे गटात टिकून राहिली, याचीही नोंद घ्यावी. वजन पुन्हा वाढलेला माणूस पुढच्या आठवड्यात संकोच न करता सभेला आला, तर प्रार्थनेने त्याला आधार दिला असे म्हणता येईल.